डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधल्या एरर आणि वापराची नोंद: काय आधी, काय नंतर आणि कुठे चुकतं

वेबसाइटचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, आपल्याच सर्व्हरवर पडतो. डेस्कटॉप सॉफ्टवेअर मात्र इचलकरंजीतल्या एखाद्या दुकानाच्या काउंटरवर चालतं आणि तिथेच बंद पडतं. आपल्याला कळतं ते फोनवरून: "साहेब, परत बंद पडलं." काय करत होतात विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही, बिल मारत होतो."

यावर उपाय म्हणून नोंद ठेवायची, हे सगळ्यांना पटतं. चुकतो तो क्रम. आधी कुठली तरी एसडीके (नोंद घेणारा दुसऱ्यांचा तयार कोड) टाकली जाते, मग प्रत्येक बटणावर इव्हेंट (अमुक घडलं अशा नोंदी) लावले जातात, तीन महिन्यांनी कोणी तरी डॅशबोर्ड उघडतं आणि परवानगीची आठवण सगळ्यात शेवटी येते. तोवर आकड्यांवर कोणाचाच विश्वास उरलेला नसतो. त्याहून मोठी चूक म्हणजे जे आलं तेवढंच खरं धरणं. ज्या मशीनवरून काहीच आलं नाही ती मशीन ठणठणीत आहेत असं गृहीत धरलं, की पुढचे सगळे निर्णय चुकतात. म्हणून खाली जवळजवळ प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी दिली आहे. ती वगळू नका.

उदाहरण विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये, म्हणजे त्यातल्या डब्ल्यूपीएफ किंवा विनफॉर्म्स या खिडक्या बनवायच्या साधनांत, लिहिलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरचं घेतलं आहे. भाषा वेगळी असली तरी क्रम हाच राहतो.

## तयारी: कोडला हात लावण्याआधी

एका कागदावर प्रश्न लिहा. "लोक सॉफ्टवेअर कसं वापरतात?" हा प्रश्न चालणार नाही, कारण त्याच्या उत्तरातून कुठलाच निर्णय निघत नाही. "थर्मल प्रिंटरवर छापताना किती जणांकडे एरर येते?" हा चालेल. "जुना एक्सेल एक्सपोर्ट अजून कोणी वापरतं का, की काढून टाकू?" हाही चालेल. प्रत्येक प्रश्नासमोर लिहा, उत्तर 'हो' आलं तर काय करणार आणि 'नाही' आलं तर काय. दोन्हीकडे एकच उत्तर असेल तर प्रश्न खोडा. पहिल्या वेळी आठ-दहा प्रश्न पुरेसे आहेत.

शिवाय तीन गोष्टी हाताशी हव्यात: प्रत्येक बिल्डला, म्हणजे कोडपासून तयार केलेल्या प्रतीला, वेगळा व्हर्जन नंबर (दुरुस्ती करून त्याच नंबरने पुन्हा सेटअप पाठवायची सवय आधी मोडा), बिल्डच्या फाइल कायम ठेवायला जागा, आणि एक जुना, हळू चालणारा पीसी. ग्राहकांकडे विंडोज ७ असेल तर तुमच्याकडेही ते हवं. डेव्हलपरच्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर यातलं निम्मं काही दिसतच नाही.

## टप्पा १: परवानगी

हे काम सर्वांत आधी, कारण पुढचा सगळा कोड याच्या उत्तरावर चालतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती स्वेच्छेने, नेमक्या कामासाठी, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीतून घेतलेली असावी लागते. ती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या यादीत आहे, तेव्हा मजकूर मराठीत लिहायला टाळाटाळ नको.

पहिल्यांदा सॉफ्टवेअर उघडल्यावर साधारण असा मजकूर दाखवा:

> ☐ सॉफ्टवेअर बंद पडलं तर त्याची तांत्रिक माहिती आम्हाला पाठवा. यात एररचा प्रकार, सॉफ्टवेअरचं आणि विंडोजचं व्हर्जन असतं. तुमची बिलं, ग्राहकांची नावं, रकमा जात नाहीत.
>
> ☐ कोणत्या सोयी वापरल्या जातात याची मोजणी आम्हाला पाठवा.
>
> हे सेटिंग्जमध्ये 'माहिती पाठवणे' इथे कधीही बदलता येईल.

दोन खुणा वेगळ्या आहेत आणि दोन्ही सुरुवातीला रिकाम्या आहेत. अनेक जण एररला हो म्हणतात पण वापराच्या मोजणीला नको म्हणतात. दोन्ही एकाच खुणेत बांधलं तर एररची माहितीही हातची जाते.

सावधान: २०२१ च्या मे महिन्यात ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गूगल अ‍ॅनालिटिक्स आणि यांडेक्समार्फत वापराची नोंद घेण्याचा प्रस्ताव आला. नोंद परवानगीनेच होणार होती, तरी वापरणाऱ्यांनी इतका विरोध केला की तो मागे घ्यावा लागला. माहिती कोणाकडे जाते, हा प्रश्न लोक विचारतातच. उत्तर त्याच खिडकीत द्या.

तपासणी: दोन्ही खुणा रिकाम्या ठेवून सॉफ्टवेअर अर्धा तास वापरा आणि वायरशार्क या नेटवरची ये-जा दाखवणाऱ्या टूलमध्ये बघा. तुमच्या नोंदीच्या सर्व्हरकडे एकही पॅकेट जाता कामा नये. काही एसडीके सुरू होताक्षणीच 'सेशन सुरू झालं' असा निरोप धाडतात (सेशन म्हणजे सॉफ्टवेअर उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा काळ). म्हणून एसडीके सुरू करण्याची ओळच परवानगीच्या अटीच्या आत हवी.

## टप्पा २: मशीनची ओळख

इन्स्टॉलेशनला एक यादृच्छिक जीयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांबलचक क्रमांक, द्या. मॅक अ‍ॅड्रेस, हार्ड डिस्कचा सिरियल, कॉम्प्युटरचं नाव, जीएसटी नंबर यांतलं काहीही ओळख म्हणून वापरू नका. त्यावरून थेट माणसापर्यंत पोहोचता येतं, आणि तुमच्या एकाही प्रश्नाला त्याची गरज नाही.

ही ओळख पहिल्यांदा सॉफ्टवेअर *उघडल्यावर* तयार करा, सेटअपच्या वेळी नको. कॉम्प्युटर क्लास किंवा मोठ्या दुकानात एका मशीनची इमेज (डिस्कची पूर्ण नक्कल) काढून वीस मशीनवर टाकतात. ओळख इमेजमध्ये गेली की वीस मशीन एकच दिसतात. इमेज काढण्याआधी कोणी सॉफ्टवेअर उघडून बघितलं असेल तर या नियमानेही भागत नाही. तेव्हा सर्व्हरवर एकाच ओळखीकडून एकाच वेळी दोन सेशन चालू दिसली तर तिला खूण करा.

ओळख लोकल अ‍ॅपडेटा या फोल्डरात ठेवली तर ती विंडोजच्या प्रत्येक यूजरसाठी वेगळी होते, प्रोग्रॅमडेटात ठेवली तर मशीनला एकच राहते. दोन्ही चालतं. काय मोजतो आहोत ते लिहून ठेवा. आणि आपल्या ऑफिसातल्या मशीनना 'अंतर्गत' अशी खूण पहिल्या दिवसापासून लावा. टेस्टरने मुद्दाम पाडलेले चाळीस क्रॅश ग्राहकांच्या आकड्यांत मिसळले की नंतर निवडून काढता येत नाहीत.

## टप्पा ३: एरर पकडणं

वापराची मोजणी थांबू शकते. एरर आधी.

डब्ल्यूपीएफमध्ये तीन जाळी, म्हणजे निसटलेली एरर पकडणारे कोडचे भाग, लावावी लागतात. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक प्रवाह. स्क्रीनच्या थ्रेडवरची एरर 'डिस्पॅचर अनहँडल्ड एक्सेप्शन'मध्ये येते. बाकी थ्रेडवरची 'अ‍ॅपडोमेन'च्या 'अनहँडल्ड एक्सेप्शन'मध्ये. ज्या टास्कची (मागे चालणाऱ्या कामाची) वाट कोणी पाहिलीच नाही त्यांची 'अनऑब्झर्व्ह्ड टास्क एक्सेप्शन'मध्ये. विनफॉर्म्समध्ये पहिल्याच्या जागी 'अ‍ॅप्लिकेशन'चा 'थ्रेड एक्सेप्शन' येतो. तिथे 'सेट अनहँडल्ड एक्सेप्शन मोड' वापरणार असाल तर ती ओळ पहिली खिडकी तयार होण्याआधी हवी.

तिसऱ्या जाळ्यात एक मेख आहे. टास्कमध्ये एरर आली त्या क्षणी ते जाळं काहीच सांगत नाही. गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) तो टास्क उचलतो तेव्हा ते बोलतं, म्हणजे कधी मिनिटांनी, कधी सॉफ्टवेअर बंद होईपर्यंत नाहीच. डॉट नेट ४.५ पासून अशा एररने प्रोग्रॅम बंदही पडत नाही. बॅकअप झालेला नसतो आणि कोणाला पत्ताही नसतो. म्हणून बॅकअप, सिंक, प्रिंट यांच्या टास्कमध्ये एरर तिथल्या तिथे पकडून नोंदवा, जाळ्यावर विसंबू नका.

सावधान: जाळ्यात 'हँडल्ड' खरं करून प्रोग्रॅम पुढे ढकलण्याचा मोह होतो. बिलाचा नंबर पुढे गेला आणि मालाच्या ओळी सेव्ह झाल्या नाहीत, अशा अर्धवट अवस्थेत तो पुढची बिलं करत राहतो. नोंद करा, माणसाला सरळ सांगा आणि प्रोग्रॅम बंद करा.

जाळ्यात कोड चालू असताना नेटवरून काही पाठवायला जाऊ नका. मरत्या प्रोसेसवर भरवसा नसतो. आधी डिस्कवर लिहा, पुढच्या वेळी सॉफ्टवेअर उघडल्यावर पाठवा.

काही क्रॅश या जाळ्यांत येतच नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लो (कोडने स्वतःला बोलावत राहून जागा संपवणं) डॉट नेटमध्ये पकडता येत नाही. प्रिंटरच्या ड्रायव्हरचा कोड तुमच्याच प्रोसेसमध्ये कोसळला तर तुमच्या कोडला संधी मिळत नाही. त्यासाठी विंडोज एरर रिपोर्टिंगची 'लोकल डम्प्स' सोय आहे. रजिस्ट्रीत तिच्याखाली आपल्या एक्झीच्या नावाची की तयार करायची, डम्प टाइप १ ठेवला की छोटा मिनिडम्प, म्हणजे क्रॅशच्या क्षणीच्या अवस्थेची फाइल, पडतो. डम्पची संख्या सांगितली नाही तर १० पर्यंत साठतात. ३ पुरे. या कीला अ‍ॅडमिन हक्क लागतात, तेव्हा हे काम सेटअपमध्येच उरका. डम्पमध्ये मेमरीचे तुकडे असतात, म्हणजे एखाद्या ग्राहकाचं नाव किंवा रक्कमही असू शकते. तो आपोआप कधीही पाठवू नका. गरज पडेल तेव्हा विचारून मागवा.

तपासणी: टेस्ट बिल्डमध्ये एक लपलेला मेनू ठेवा आणि पाच क्रॅश मुद्दाम पाडा: स्क्रीनच्या थ्रेडवर, दुसऱ्या थ्रेडवर, वाट न पाहिलेल्या टास्कमध्ये, स्टॅक ओव्हरफ्लो, आणि टास्क मॅनेजरमधून मारून. रिलीज बिल्डवर, डीबगर न लावता. कोणता क्रॅश कुठे दिसला आणि कोणता कुठेच दिसला नाही याचा तक्ता करा. हा तक्ता म्हणजे तुमच्या नोंदीची आंधळी बाजू.

## टप्पा ४: पीडीबी जपणं

पीडीबी ही बिल्डसोबत तयार होणारी, कोडच्या ओळींचा नकाशा असलेली फाइल. तिच्याशिवाय स्टॅक ट्रेसमध्ये (एररपर्यंत कोणत्या मेथड, म्हणजे कोडचे तुकडे, चालले त्या यादीत) मेथडचं नाव मिळतं, ओळ क्रमांक मिळत नाही. "तोच कोड पुन्हा बिल्ड करू, पीडीबी मिळेल" ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. पीडीबी आणि एक्झी यांची जोडी एका ओळखीने बांधलेली असते. पुन्हा केलेल्या बिल्डची ओळख जुळेलच असं नाही. बिल्ड झाल्याबरोबर त्याच स्क्रिप्टमधून पीडीबी व्हर्जनच्या नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. कोड गुंतागुंतीचा करणारं टूल वापरत असाल तर त्याची मॅपिंग फाइलही.

## टप्पा ५: खाजगी माहिती गाळणं

एररचा संदेश निरुपद्रवी वाटतो. तो तसा नसतो. मशीनवर तयार झालेला एक नमुना बघा:

> फाइल सापडली नाही: सी:\यूजर्स\सुनीता\डॉक्युमेंट्स\उधारी\खाते-२१२.एक्सएलएसएक्स, बाकी ४३५० रुपये

यात विंडोजच्या यूजरचं नाव आहे, खातं आहे, उधारीची रक्कम आहे. सर्व्हरवर जायला हवं ते एवढंच:

> प्रकार: फाइल सापडली नाही, ठिकाण: उधारी एक्सपोर्ट, मेथड 'फाइल उघड', ओळ ८८, विस्तार: एक्सएलएसएक्स

काय गाळायचं याची यादी करत बसू नका, ती कधीच पूर्ण होत नाही. काय *जाऊ द्यायचं* याची यादी करा: एररचा प्रकार, ठिकाण, एरर कोड, स्टॅकमधली मेथडची नावं आणि ओळ क्रमांक, फाइलचा विस्तार, व्हर्जन, विंडोजचं व्हर्जन. संदेशाचा मजकूर पाठवूच नका, तो तुम्हीच लिहिलेला ठरीव मजकूर असेल तर गोष्ट वेगळी. एरवीही तो मजकूर विंडोजच्या भाषेप्रमाणे बदलतो, तेव्हा एरर एकत्र मोजायला त्याचा उपयोग नाही. प्रकार आणि स्टॅकमधल्या आपल्या कोडच्या वरच्या दोन-तीन मेथड, यांवरून गट पाडा.

## टप्पा ६: क्रॅश की वीज गेली?

यावर थोडा जास्त वेळ द्या, कारण आपल्याकडे आकडे इथेच सर्वांत जास्त खोटे ठरतात.

नेहमीची पद्धत अशी: सॉफ्टवेअर उघडलं की 'चालू' अशी एक छोटी फाइल लिहायची, नीट बंद झालं की पुसायची. पुढच्या वेळी फाइल शिल्लक दिसली की मागचं सेशन क्रॅश झालं असं मोजायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच होतं. एका उन्हाळ्यात क्रॅशचा आकडा अचानक चढला. आम्ही दोन आठवडे नवीन रिलीजचा कोड उपसत होतो, सापडत काहीच नव्हतं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हे क्रॅश गावागावांनुसार एकाच मिनिटाला होत आहेत. वीज जात होती. यूपीएस नसलेलं मशीन बंद पडलं की फाइल तशीच राहायची.

त्यावर सुचणारा पहिला उपाय, मशीन शेवटचं कधी सुरू झालं ते बघणं, हाही फसवा आहे. दुपारी तीनला सॉफ्टवेअर खरोखर क्रॅश झालं, दुकानदाराने वैतागून हाताने बिलं केली आणि रात्री मशीन नीट बंद केलं, तर सकाळी मशीन नव्यानेच सुरू झालेलं दिसेल. तुम्ही म्हणाल वीज गेली होती, आणि खरा क्रॅश निसटेल.

नीट पद्धत ही:

१. 'चालू' फाइलमध्ये दर मिनिटाला वेळ लिहा.

२. पुढच्या वेळी फाइल शिल्लक असेल तर विंडोजच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये त्या वेळेच्या आसपास आपल्या एक्झीच्या नावाने इव्हेंट १००० किंवा १०२६ आहे का बघा. पहिला कुठल्याही प्रोग्रॅमच्या क्रॅशचा, दुसरा डॉट नेटचा. असेल तर क्रॅश. इव्हेंट १००२ असेल तर सॉफ्टवेअर अडकलं होतं.

३. यांतलं काही नसेल तर सिस्टीम लॉगमध्ये ४१ किंवा ६००८ बघा. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, असं ते सांगतात. असतील तर वीज गेली किंवा कोणी बटण दाबून बंद केलं.

४. काहीच नसेल तर 'कारण अज्ञात' असा वेगळा गट ठेवा. तो क्रॅशमध्ये ढकलू नका आणि टाकूनही देऊ नका. टास्क मॅनेजरमधून मारलेली सेशन इथे येतात, आणि हा गट फुगला तर सॉफ्टवेअर हळू झाल्याचं ते लक्षण असतं.

तपासणी: टेस्ट पीसीची वायर खरोखर ओढा. सॉफ्टवेअर बंद करून चालणार नाही.

## टप्पा ७: वापराचे इव्हेंट

आता तो प्रश्नांचा कागद काढा. प्रत्येक प्रश्नाला लागतील तेवढेच इव्हेंट, सगळे मिळून वीस-पंचवीसच्या पुढे जाऊ नयेत.

बटण दाबलं तिथे इव्हेंट लावू नका, काम झालं तिथे लावा. बिल सेव्ह करायला कोणी बटण दाबतं, कोणी मेनूतून जातं, आणि रोज दोनशे बिलं मारणारा माणूस कीबोर्डचा शॉर्टकट वापरतो. इव्हेंट बटणावर लावला तर सर्वांत जास्त वापरणारा माणूसच मोजणीतून गळतो. 'सुरू', 'झालं' आणि 'फसलं' असे तिन्ही नोंदवले की मध्येच सोडलेलं कामही दिसतं.

एक इव्हेंट असा दिसावा:

> नाव: बिल छापणे, निकाल: फसलं, प्रिंटर प्रकार: थर्मल, ओळी: ११ ते ५०, व्हर्जन: ४.२.१

ओळींची नेमकी संख्या नाही, गट आहे. रक्कम तर नाहीच. सगळ्या इव्हेंटची नावं एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि एकदा दिलेल्या नावाचा अर्थ कधीही बदलू नका. अर्थ बदलला तर नाव नवीन.

एसडीके थेट सगळीकडे बोलावू नका, मध्ये आपलं एकच फंक्शन ठेवा. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ अ‍ॅप सेंटर ही सेवा ३१ मार्च २०२५ रोजी निवृत्त केली, फक्त त्यातली वापराची मोजणी आणि क्रॅशची नोंद आणखी काही काळ चालू ठेवली. अशा सेवेची हाक कोडमध्ये शंभर ठिकाणी विखुरलेली असेल तर शंभर ठिकाणी हात घालावा लागतो.

## टप्पा ८: साठवणं आणि पाठवणं

नेट नसणार हे धरूनच चला. नोंदी आधी एका वेगळ्या एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये जाव्यात. बिलांच्या डेटाबेसमध्ये कधीही नको, नोंदीच्या चुकीने बिलं लॉक झाली तर ते अक्षम्य आहे. फाइलला मर्यादा घाला, समजा ५ एमबी. भरली की जुने वापराचे इव्हेंट टाका, एरर ठेवा.

प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख द्या आणि सर्व्हरवर ती एकदाच स्वीकारा. नोंद पोहोचते पण पोच परत येताना नेट जातं, सॉफ्टवेअर तीच नोंद पुन्हा पाठवतं आणि आकडा दुप्पट होतो.

सॉफ्टवेअर उघडताक्षणी पाठवू नका. दुकानं साधारण एकाच वेळी उघडतात. शून्य ते दहा मिनिटांत कुठलीही वेळ निवडून पाठवा, अपयश आलं तर दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करा, आणि सर्व्हरने ४२९ (फार विनंत्या येत आहेत असं उत्तर) दिला तर तो सांगेल तितकं थांबा.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, आणि सर्व्हरवर नोंद पोहोचल्याची वेळ वेगळी ठेवा. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरची, घड्याळ चालवणारी बॅटरी संपलेली असते, घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि मग इव्हेंट सॉफ्टवेअर जन्माला येण्याआधीच्या तारखेचे येतात.

सावधान: विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ (नेटवरचा संवाद सुरक्षित ठेवायची पद्धत) आहे, पण ते मुळात बंद असतं. तुमचा सर्व्हर फक्त टीएलएस १.२ घेत असेल तर त्या मशीनवरून एकही नोंद येणार नाही. मग अहवालात दिसेल की विंडोज ७ वर आपला एकही ग्राहक नाही, आणि त्या जोरावर तुम्ही त्याचा सपोर्ट काढाल. फोन यायला लागल्यावर कळेल.

## टप्पा ९: आकडे वाचणं

आधी गप्प मशीन मोजा. या महिन्यात किती लायसन्स चालू आहेत आणि त्यांतल्या किती मशीननी नोंद पाठवली? फरक कुठून येतो, किती जणांनी परवानगी दिली नाही आणि किती जणांच्या नोंदी वाटेत अडकल्या, हे जमेल तितकं वेगळं करा. प्रत्येक अहवालाच्या डोक्यावर हा आकडा लिहा. परवानगी देणारे लोक सगळ्यांसारखेच वागतात असं मानू नका.

एरर किती वेळा आली यापेक्षा किती *मशीनवर* आली ते बघा. एकाच दुकानात बिघडलेल्या प्रिंटरने दिवसाला पाचशे एरर पडू शकतात. व्हर्जननुसार तुलना करताना क्रॅशच्या आकड्याला सेशनच्या संख्येने भागा. नवीन व्हर्जनमध्ये क्रॅश कमी दिसतात ते बहुधा ते अजून थोड्याच जणांनी टाकलेलं असतं म्हणून. रिलीज आधी थोड्या मशीनना द्या, दोन दिवस बघा, मग सगळ्यांना.

आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाने हे बघायचं. नाव ठरलेलं नसेल तर कोणीच बघत नाही. कच्च्या नोंदी कधी पुसायच्या तेही आधीच ठरवा. ९० दिवस बहुतेकांना पुरतात, बेरजा पुढे ठेवल्या तरी चालतात.

## टप्पा १०: ओळख माणसाच्या हातात

टप्पा २ मधल्या ओळखीची पहिली सहा अक्षरं 'माहिती' खिडकीत मोठ्या टायपात दाखवा, शेजारी 'माझ्या नोंदी पुसा' असं बटण द्या. सॉफ्टवेअर काढून टाकलं की टप्पा ८ मधली, पाठवायच्या राहिलेल्या नोंदींची फाइलही पुसली जायला हवी, ते सेटअपमध्ये तपासा.

पुढच्या वेळी "परत बंद पडलं" असा फोन आला की ती सहा अक्षरं वाचून दाखवायला सांगा. परवानगी दिलेली असेल तर त्या मशीनवरची शेवटची एरर, ओळ क्रमांकासह, बोलता बोलता समोर येते.